अंगात देवी नाही, रक्तात गाठी

मी, वसुंधरा बाबाराव ठवकर, वय सव्वीस, बी.एस्सी., शिक्षिका, राहणार वैशाली नगर, भिलाई, जिल्हा दुर्ग, मध्य प्रदेश, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहिते. शुद्धीबद्दल नागपूरच्या डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण घरच्यांच्या मते मी एक तर वेडी आहे, नाहीतर देवी. सही डाव्या हाताची आहे, उजवा गेला.

माझं रक्त माझ्यावरच उलटलं आहे. शरीराचं रक्षण करणारे घटकच त्यात गाठी पाडतात आणि त्या मेंदूच्या नसा बुजवतात. आधी डोकं दुखे, मग उजवा हात आपोआप नाचू लागला. हा आजार आहे, हे मी सांगून थकले. आत्या ठकूबाईंनी मला पाटावर बसवून मळवट भरला. शेजारच्या बायका ओटी घेऊन आल्या.

"माय, माह्या चंपतले प्लांटात लावून देशीन का वो?" आत्यांनी मुलाच्या पोलाद कारखान्यातल्या नोकरीचं विचारलं.

तेवढ्यात मला पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, तोंड वाकडं झालं.

"देवी हासली! काम झालं!" म्हणत त्यांनी आरती सुरू केली. दवाखाना हाकेच्या अंतरावर होता.

चंपत अजून रिकामाच आहे.

१. तो पाट आत्यांना. त्यावर त्यांनी स्वतः बसावं आणि नोकरीचं देवीला परस्पर विचारावं.

२. विज्ञानाची पुस्तकं शाळेला. घरात ती उघडणारं कोणी नाही.

३. बाबांना काहीही नाही. रेल्वेत जन्मभर सिग्नल पाहून गाड्या सोडणारा माणूस त्या दिवशी आरतीत टाळ्या वाजवत उभा होता. काही मिळणार नाही, म्हणजे स्वार्थ नाही, म्हणूनच त्यांना साक्षीदार केलं आहे.

४. माझा फोटो देव्हाऱ्यात ठेवू नये. हार घालायची फारच हौस असेल तर चंपतला घालावा.

५. पोस्टातली सगळी बचत धाकटी बहीण रत्नमाला हिच्या तपासणीसाठी आणि औषधांसाठी; लग्नासाठी नव्हे. तिचंही डोकं दुखतं, पायांवर जाळीसारखे जांभळे डाग उठलेत. माझंही असंच सुरू झालं होतं. आत्या म्हणतात, "आता देवी रत्नीवर येऊन राहिली." मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं, हे मला ठाऊक आहे. हे कलम आजपासून लागू आहे. तिचं रक्त तपासायला माझ्या मरणाची वाट पाहू नका.

भिलाई, १६ नोव्हेंबर १९९३

(सही) वसुंधरा ठवकर

साक्षीदार:
१. कलावती साहू, सहशिक्षिका
२. बाबाराव ठवकर, वडील. वाचून सही केली. रत्नीले घेऊन उद्या सकाळच्या गाडीनं नागपूरले जाऊन राहिलो.