हवेच्या गादीवरचे मामंजी

आदरणीय बुरुल मावशींना,

वाकून सलाम. तुमचे गुडघे, मावसोबांचा खोकला आणि गाभण घोडी, सर्व ठीक ना? आम्ही सगळे जिवंत आहोत. हे वाक्य मी उगाच लिहिलेले नाही.

रविवारी आम्ही इसिक-कुल तळ्याच्या काठच्या बागेत गेलो होतो (तीच, जिथून सूर्य बुडायच्या आत सर्वांना बाहेर काढतात). पाटीवरचे नियम मी दोनदा वाचले. बाकी कोणी एकदाही नाही. जेवण झाल्यावर मामंजी हवा भरलेल्या गादीवर आडवे झाले, कल्पाक टोपी तोंडावर ओढली आणि पाण्यावरच झोपले. सासूबाई आणि तुमचे जावई फाटकापाशी धुरावलेले मासे घ्यायला गेले. "सूनबाई, म्हाताऱ्याकडे लक्ष ठेव," असे सासूबाई सांगून गेल्या. मी ठेवलेच होते. म्हणूनच मला दिसले, की डोंगराकडून वारा सुटला आहे आणि मामंजी लहान लहान होत चालले आहेत.

मी "मामंजी!" म्हणून ओरडले. ते उठले नाहीत. मी पळत रखवालदाराच्या खोलीत गेले, तर बोटवाला जेवायला गेलेला. रखवालदाराने भोंगा हातात घेतला. "नाव सांग." मी म्हटले, माझ्या नवऱ्याचे वडील. "बरं, नवऱ्याचं नाव?" (तेही मी घेत नाही.) "पोरी, घरात माणसं आहेत की नुसती नाती?" असे म्हणून त्याने पुकारा केला, की मामंजींनी ताबडतोब बाहेर यावे, सूनबाई बोलावत आहेत. मावशी, तळ्यातून अकरा म्हातारे निथळत बाहेर आले. एकाने तर माझी माफीही मागितली. आमचे मात्र एव्हाना खरबुजाच्या बीएवढे झाले होते.

तुम्ही मला चुलीपाशी बसवून शिकवले होते, की सुनेने सासऱ्याचे नाव मरेपर्यंत घ्यायचे नाही. कोण मरेपर्यंत, हे विचारायचे राहून गेले. मी भोंगा हिसकावला आणि नाव घेतले. तीनदा. सबंध किनाऱ्याने ऐकले. मामंजी ताडकन उठून बसले आणि दोन्ही हातांनी पाणी मारू लागले. मग जेवून परतलेल्या बोटवाल्याने त्यांना बोटीने आणले.

आज चार दिवस झाले, ते माझ्याशी बोललेले नाहीत. मला माहेरी पाठवतील. मी पेटी भरून ठेवली आहे.

तुमची घाबरलेली
आयकेरीम

ता. क. जीव वाचवण्यासाठी सूट आहे, असे आपल्या रीतीत कुठे असेल तर कळवा. नसेल तरी असल्याचे कळवा.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात मामंजी आले. म्हणाले, "आई गेली, बरोबरीचे गेले. त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं गं. वाटलं, आईच जेवायला बोलावतेय." मग डोळे पुसले आणि म्हणाले, येत्या रविवारी परत जाऊ, मी गादीवर, तू भोंग्यापाशी. गादी आतापासूनच अंगणात फुगवून ठेवली आहे.

मावशी, रीतीतल्या सुटीचे राहू द्या. घोडीचा लांब दोर तेवढा शनिवारच्या आत पाठवा.