यादीतलं सदतिसावं नाव

१२ मे
सेनादलाचं पत्र आलं आमच्या नगरपालिकेच्या कचेरीत — येत्या मार्चपर्यंत अठरा पूर्ण होणाऱ्या मुलांची नावं, पत्ते पाठवा. म्हणजे शाळा संपायच्या आत त्यांची भरतीच्या जाहिरातीची पाकिटं घरोघर जाणार. दरवर्षी यादी मीच टाइप करते. सदतिसावं नाव — मोरिता ताकुमा. माझाच मुलगा!

१३ मे
यादीत नाव नको असेल तर महिनाअखेरपर्यंत अर्ज करता येतो. आईनं केला तरी चालतो. सूचना फलकाच्या कोपऱ्यात लावलीय, वाचतंय कोण! शेजारच्या टेबलावरचे नोगामी म्हणाले, "अहो मोरिताबाई, पोराला विचारा तरी." विचारायचं काय? एकुलता एक आहे माझा.

२९ मे
केला अर्ज. घरचा नावाचा शिक्का नेला, सहीच्या जागी उमटवला. मीच दिला, मीच स्वीकारला! ताकुमाला बोलले नाही.

५ जुलै
पाकिटं पोचली. "वर्गात सगळ्या पोरांना आलं, आई! त्या शिंजीलासुद्धा, धड पळता येत नाही त्याला! मलाच नाही."
"टपालात हरवलं असेल," मी म्हटलं. खोटं किती पटकन येतं तोंडात.

७ जुलै
दोन दिवस नीट जेवला नाही. आज भात चिवडत म्हणाला, "माझा दमा कळला असेल त्यांना. नको असेन मी." अरे, दमा दुसरीत होता तुला!

मग हळूच म्हणाला, "पुराच्या वेळचं आठवतं ना तुला?"

न आठवायला काय झालं! त्याचे बाबा त्याच पुरात गेले. आम्ही शाळेत राहत होतो. सैनिकांनी मैदानात तंबू ठोकून अंघोळीची सोय केली. तेरा वर्षांचा ताकुमा गरम पाण्यातून बाहेर आला आणि नऊ दिवसांनी पहिल्यांदा हसला. एक सैनिक त्याचं डोकं पुसत होता — विशीचा असेल जेमतेम. मी वाकून वाकून त्याचे आभार मानले होते. तेव्हा त्या सैनिकाच्या आईचा विचार नाही आला मनात. आज येतोय. फार वाईट वाटतंय.

९ जुलै
सांगून टाकलं सगळं. भांडला असता तर बरं झालं असतं! नुसता "आई!" म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

१० जुलै
बोलत नाही. डबा मात्र नेला.

३ सप्टेंबर
शाळेत जाताना टेबलावर भरतीचा अर्ज ठेवून गेलाय. स्वतः जाऊन आणलेला. अक्षर किती नीट काढलंय गाढवानं! फेब्रुवारीपर्यंत सतराच तो, म्हणून खाली पालकाच्या शिक्क्याची चौकट. रिकामी. वर चिठ्ठी — "आई, मी तुला विचारतोय."

खणातून तोच शिक्का काढला. रडले आधी. मग उमटवला.