आधी नमस्कार कोणी करायचा

सोमवार, ३ तारीख
आज वर्गात 'परस्पर मान्यता' शिकवली. समोरच्याने आपल्याला माणूस मानल्याशिवाय आपल्यालाही आपण माणूस वाटत नाही, वगैरे. चार विद्यार्थी, त्यातला एक जागा. पण लेक्चर मलाच लागलं. लायब्ररीच्या काउंटरवरच्या बाईंना गेली सतरा वर्षं रोज मीच आधी नमस्कार करतो. त्या रजिस्टरमधून मान वर न करता 'हं' म्हणतात. बस्स झालं. उद्यापासून त्या बोलल्या तरच बोलायचं.

मंगळवार, ४. सकाळी १०.१०
गप्प उभा राहिलो. घसासुद्धा खाकरला नाही. त्यांनी शिक्का मारून पुस्तक सरकवलं. मान खालीच. ठीक आहे, पहिलाच दिवस आहे.

गुरुवार, ६
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग आज आधी कोणी वाढायचं तेही ठरवून टाका. हिला विषयाचं गांभीर्यच नाही. शेवटी मीच वाढलं.

मंगळवार, ११
बाईंनी मान वर केली! काहीतरी बोलणारच होत्या. मी पटकन वळून नोटीस बोर्ड वाचायला लागलो. इतक्या सहज मिळालो तर त्याला काय किंमत? पाच मिनिटं बोर्ड वाचला. काय लिहिलं होतं कोण जाणे.

शुक्रवार, १४
बाई आज दोनदा बघत होत्या. आता फार तर सोमवारपर्यंत टिकतील. संध्याकाळी हॉलमध्ये कसलंसं चहापान होतं. गेलो नाही, पेपर तपासायचे होते. तपासले नाहीत.

सोमवार, १७. सकाळी
काउंटरवर नवीन मुलगी. आयकार्ड मागितलं. बाई शुक्रवारी रिटायर झाल्या म्हणाली, नोटीस आठवडाभर बोर्डावर होती. कार्ड बघून तिने ड्रॉवरमधून एक पुस्तक काढलं. मी वर्षापूर्वी मागितलेलं, मी स्वतःच विसरलेलं. बाईंनी कुठूनतरी मिळवून माझ्यासाठी बाजूला ठेवलं होतं. आत चिठ्ठी. 'सर, हल्ली तुम्ही बोलत नाही. माझं काही चुकलं का?' खाली सही नाही.

फार वाईट वाटलं. आजच फोन करायचा. आधी नमस्कार मीच करणार.

दुपारी
ऑफिसात नंबर मागायला गेलो. क्लार्कने विचारलं, कोणाचा. म्हटलं, लायब्ररीतल्या बाईंचा. तो कीबोर्डवर बोटं ठेवून थांबला.
"नाव सांगा ना, सर."
आठवतंय का बघतो म्हणालो आणि बाहेर आलो. बोर्डाकडे गेलो. नोटीस काढून टाकली होती, टाचण्या तेवढ्या राहिल्या होत्या.