बोट आली का?

प्रिय चिनात्सु,

तुझं कार्ड शनिवारच्या बोटीनं आलं. तुझी आई गेली, एवढं वाचलं आणि शाळेत जाऊन दोन वर्गांच्या खिडक्या पुसल्या. शाळेच्या शिपायाला सुट्टी मागायला कारण लागतं. जिला कधी पाहिलं नाही अशी बाई गेली, हे काय कारण सांगणार?

तू मला ओळखतेस. अकरा वर्षांपूर्वी आईला फोनवर लिहिता येत नव्हतं, तेव्हा 'तळाशी दिवे' या मांगा चित्रकथेवरच्या आमच्या ऑनलाइन गप्पांत तिच्या वतीनं तूच लिहायचीस. 'बेटकर काका, आई म्हणते तुम्हाला चित्रं बघताच येत नाहीत!' वाद एकाच चौकटीचा. गोन्सुके नावाडी धरणाच्या पाण्यात वल्हं टाकून देतो आणि आपल्याला दिसते ती फक्त त्याची पाठ. मी म्हणायचो, रडतोय. आई म्हणायची, हसतोय, खांदे बघा. अकरा वर्षं आम्ही एका पाठीवरून भांडलो.

ती चित्रकथा छापणाऱ्या साप्ताहिकाचा अंक सोमवारी निघतो. आमच्या बेटावर तो बुधवारी, वारा असला तर गुरुवारी. म्हणून तुझ्या आईनंच नियम घातला होता, बेटकरच्या हातात अंक पडेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. बाकीचे पाच जण गप्प. मधेच कुणी टोचायचं, 'काय हो, बोट आली का? की पोहत आणताय?' मी 'आली' लिहिलं की सगळे तुटून पडायचे.

आता खरं सांगतो. गेली दोन वर्षं हा अंक मला सोमवारी सकाळीच फोनवर मिळतो. भात खाता खाता वाचून होतो. मी कुणाला सांगितलं नाही. इथे बेटावर माझी वाट बघणारं कुणी नाही. तिकडे पाच जण बघत होते. ते सोडवलं नाही.

शेवटचं प्रकरणही मी त्या सोमवारी वाचलं. दुपारी तुझ्या आईनं विचारलं, बोट आली का? मंगळवारी सकाळी पुन्हा विचारलं. इस्पितळात असल्याचं ती कधी बोलली नव्हती. मी लिहिलं, वारा आहे, गुरुवारी येईल. वारा नव्हता. दोरीवरचे कपडे सरळ लटकत होते. तिनं लिहिलं, 'बरं. थांबते.'

कार्डात तू लिहिलंयस, ती मंगळवारी संध्याकाळी गेली.

बोट बुधवारी वेळेवर आली. रडू अजून आलेलं नाही. जेवतो, घंटा देतो, फाटक लावतो.

लिहितोय ते एक मागायला. आवडलेल्या चौकटीवर आई कागदाची बारीक पट्टी चिकटवायची. शेवटच्या प्रकरणात गोन्सुके दोनदा येतो, एकदा पाठमोरा आणि एकदा समोरून. तिचा अंक इस्पितळातून आणलेल्या पिशवीत असेल. रद्दीच्या गठ्ठ्यात बांधला असशील तर दोरी सोड. अंक पाठवू नकोस. पट्टी कुठे आहे एवढंच कळव. नसेल, तर तेही कळव. आणि फोनवर नको, पत्रानंच कळव. या वेळी मी खरोखर बोटीची वाट बघेन.

तुझाच,
बेटकर काका