पिवळ्या रुमालाची काठी

सिएना, १५ ऑगस्ट १९८६

प्रिय नेरीना,

बरी असशील. पाय अजून सुजतात का? आईंना नमस्कार सांग. तुझ्या वडिलांना सांगून उपयोग नाही. आपल्या आळ्यांचं पिढ्यांचं वैर, म्हणून घोड्यांच्या शर्यतीचे चार दिवस तू माहेरच्या आळीत आणि मी माझ्या, हे लग्नापासून चालत आलंय. पण तुला सातवा महिना असताना घर फारच खायला उठतं. आज सणाची सुट्टी, टपाल बंद, म्हणून पत्र सुईणबाईंच्या हाती देतोय.

तुझ्या धाकट्या भावाच्या, फोस्कोच्या डोळ्याचं कळलं. चौकातल्या दगडी खांबावर आपटला म्हणतात. पोलिसांना तसं मीच सांगितलं. बावीस वर्षं लोकांना शहर दाखवणाऱ्या माणसाचं म्हणणं त्यांना पटलं.

काल सकाळी चौदा परदेशी पाहुणे घेऊन मी चौकात होतो. मनोऱ्याची उंची सांगून झाली होती, नगरसभेच्या खिडक्या दाखवत होतो, तेवढ्यात तुमच्या आळीची पोरं गात आली. पुढे फोस्को.

"काय दाजी, दगड विकताय होय?"

"जा बाबा, मला काम आहे."

"करा की. ताईच्या बाळाचं बारसं आमच्याच कारंज्यावर होणार, म्हणजे ते आमच्याच आळीचं. तुमच्या वाट्याला हे दगडच."

पाहुण्यांना शब्द कळले नाहीत, तरी ते हसले. माझं डोकं फिरलं. मी थोबाडीत दिली, त्यानेही दिली. इथवर ठीक होतं. आपल्या आळ्या भिडतात त्या रिकाम्या हातांनी, आणि आठवड्याभरात फुटक्या ओठांनी पुन्हा बोलायला लागतात.

खांबाबिंबाचं खोटं आहे, नेरीना. पाहुण्यांना दिसावी म्हणून मी धरतो ती पिवळ्या रुमालाची लोखंडी काठी माझ्या हातात होती. पहिल्या फटक्यात त्याचं नाक फुटलं. तो वाकला आणि "दाजी, बस" म्हणाला. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. तरी मी दुसरा हाणला, तो डोळ्यात गेला. त्याच्या बोटांमधून रक्त वाहत होतं आणि पाहुणे टाळ्या वाजवत होते. एका बाईंनी विचारलं, हे रोज किती वाजता असतं? मी म्हटलं, फक्त आजच.

मग त्यांना कॅथेड्रलमध्ये नेलं. फरशीवर बायबलमधल्या राजाने ठार करवलेल्या तान्ह्या बाळांचं चित्र आहे ना, तिथे मी सगळं नेहमीसारखं सांगितलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

पोरांनी पाहिलं, पण आळीचं भांडण पोलिसांत न्यायचं नाही म्हणून ती गप्प आहेत. फोस्को घरीही खांबच म्हणतोय, तो तुझ्यासाठी. डोळा गेला, असं सुईणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी पोलिसांकडे जाऊन खरं सांगणार आहे. त्याआधी दुपारी तुमच्याकडे येतो, एकटाच, गळ्यात आमच्या आळीच्या रंगांचा रुमाल न घालता. बारसं कुठे करायचं ते तू ठरव. दार मात्र तू उघडू नकोस. तुझ्या थोरल्या भावाला, रिनाल्दोला उघडू दे, आणि तो जे करेल त्याच्या मध्ये पडू नकोस.

तू म्हणशील तोवर तुझा,
तेबाल्दो