एका ताटातलं लोणी

आश्विन वद्य ६

काल शांताकडे जाऊन आले. मिशनच्या दवाखान्यामागं तिचं क्वार्टर. यांना सांगून गेले. दादाला नाही. तो इंदूरला, त्याला कोण सांगतंय.

तिनं मधोमध एक पांढरी थाळी ठेवली. थाळीभर लोणी पसरलेलं, वर हिरवं काय काय बारीक चिरून, मिरी, लिंबू. बाजूला डबलरोटी. ती, तिचा नवरा योहान आणि मी. तुकडा मोडायचा, लोण्यातून फिरवायचा, तोंडात.

"अगं, माझं पान कुठंय?"

"हेच. सगळ्यांचं एकच."

"उष्टं नाही का होत?"

"होतं ना. खा."

खाल्लं. पाव जन्मात पहिल्यांदा. त्यात लसूण, तोही चातुर्मासात. काही झालं नाही. पोटसुद्धा दुखलं नाही.

योहानची बदली जबलपूरला. नवा प्रांत होतोय ना. दिवाळी झाली की जाणार. हे सांगताना शां. खाली बघून पावाचा चुरा करत होती. सख्खी बहीण एकाच गावात, तरी वर्षातून दोनदा चोरून भेटायची. आता तेही...

व. ७

स्वप्न पडलं. क्षिप्रेवर जाड साय धरलेली. मी आणि शां. लहान, पायरीवर बसून बोटानं साय ओढतोय, संपतच नाही. दादा पलीकडच्या काठावर. तोंड हलतंय, आवाज नाही.

उठले तर उशी ओली. या वयात हे काय. हाच विचार करत चुलीवर दूध ठेवलं, तेही उतू गेलं.

व. ८

पहाटे रामघाटावर स्नानाला. धुकं इतकं की पलीकडचा काठ नाहीच. पाण्यातून वाफ. दिवे तरंगत येतात आणि एकदम नाहीसे होतात, कुणी फुंकल्यासारखे. बायका दिसत नाहीत, नुसत्या बांगड्या ऐकू येतात. गार पाण्यात उभी राहिले, निघावंसं वाटेना.

इथंच बाबांनी आणि दादानं शां.च्या नावाचं मडकं फोडलं. किरिस्तावाशी लग्न केलं म्हणून. ती मेली, असं समजायचं. ती त्या वेळी दवाखान्यात कुणाची तरी बाळंतीण सोडवत होती.

बाबा गेले. दादा तेच धरून बसलाय.

व. ९

दादा भाऊबीजेला येणार. नेहमीसारखा. दोन दिवस राहील.

दोघांना एकत्र बसवायचं. शां. जायच्या आधी. एकदाच. झालं, ठरलं.

पण कसं? जेवायला म्हटलं की पाट आले, पंगत आली, मग शां.चा पाट कुठं ते आलं. मागं एकदा तिला घरी बोलावलं होतं तर सासूबाई होत्या, पडवीत पत्रावळ मांडली. दोन घास खाऊन उठली. "ताई, आता जेवायला नाही गं येणार तुझ्याकडे." मग आलीच नाही.

आज भाकरी थापता थापता सुचलं. तिचंच ते लोणी करायचं. जिथं पानच मांडायचं नाही तिथं वेगळं पान कुठं मांडणार? मधे एक ताट, भोवती सगळे. बसा नाहीतर उठा.

यांना सांगितलं. हे हसले. "तू दिवाण व्हायला हवी होतीस."

"चहा घ्या."

"पण पाव? दादा पाव खाईल?"

"लोणी लावलं की खाईल."

"बरोबर. लोणी लावलं की सगळं शुद्ध. शास्त्र आहे."

"कुठलं?"

"माझं."

व. ११

फ्रीगंजला गेले, सिंध्याच्या भट्टीवर. तिथला वास! उभी राहिले तशीच. गरम, गोड, जरासा आंबूस. लहान बाळाच्या टाळूला येतो तसला.

"अम्माजी, घर में कोई बीमार है?"

"नहीं. मेहमान आ रहे हैं."

"मेहमान को डबलरोटी?"

"तुम बेचते हो कि पूछताछ करते हो?"

हसला मेला. दोन दिल्या. येताना पिशवीवर पदर. कशाला घेतला कोण जाणे, चोरी थोडीच केली.

वसुबारस

आजच करून बघायची घाई नडली. आज आम्हा बायकांना दूध-दही-लोणी वर्ज्य. म्हणजे चाखायचं नाही. अंदाजानं मीठ घातलं. कोथिंबीर, पुदिना, लिंबू, मिरी. पितळी परातीत पसरलं.

थोड्या वेळानं बघते तर लोण्याला घाम फुटलेला. थेंबच थेंब. यांच्यापुढं धरलं.

चाखून आधी पाण्याचा तांब्या ओढला.

"बोला की."

"द्वारकेला जाऊन समुद्रात बुडी मारून आलो."

आणि संध्याकाळी बघते तर परातीला धरून कडेकडेनं हिरवट. कळकलं. पितळेत लिंबू घातलं मी, अक्कल गहाण ठेवून. अख्खं लोणी फेकलं. जीव हळहळला.

धनत्रयोदशी

पुन्हा. या वेळी चाखत चाखत.

दही पहाटे घुसळलं. रवीचा आवाज आधी पातळ असतो, मग जड होत जातो, घर्र घर्र, आणि मग एका क्षणी हाताला कळतं की आलं. दिसायच्या आधी कळतं. तिथं नेहमी माझी तंद्री लागते. आज तर शेजारीण दार वाजवत होती, मला ऐकूच नाही.

लोणी गार पाण्यात तीनदा धुतलं. पाणी सगळं दाबून काढलं. मीठ वरून, अगदी वाढताना. शां.च्या थाळीत कसला तरी पाला होता, दवाखान्याच्या बागेतला, तो कुठून आणू? परसातलं पानओव्याचं पान चुरडलं. बरं लागलं. लसूण नाही, दादा एकादशीपर्यंत पाळतो. ताट माहेरचं, चांदीचं.

हे म्हणाले, "आणखी आहे का?" तेवढं पुरे.

नरकचतुर्दशी, गुरुवार

आजपासून आपण मध्य प्रदेश. हे सकाळी आंघोळ करून पेपर मोठ्यानं वाचत होते. दादाची कचेरीही आता भोपाळला. या आठवड्यात हजर व्हायचंय त्याला.

चार मुलखांना एका रात्रीत कालवलं म्हणे सरकारनं. आम्ही नुसती तीन भावंडं.

पाडवा

शां.कडे गेले बोलवायला.

"दादा असताना? नको ताई."

"माझं घर आहे."

"तो उठून गेला तर?"

"गेला तर गेला. तू उठायचं नाहीस. एवढंच."

मग म्हणाली, "पाव मी आणते. तू शिळा आणशील."

शां. लहानपणापासून अशीच शिष्ट.

भाऊबीज, रविवार

झालं तसंच लिहिते.

दादा सकाळच्या गाडीनं आला. ओवाळलं. लुगडं आणलंय, रंग भयंकर. दुपारी मी सांगून टाकलं. फसवून बसवणं मला जमत नाही. "चारला शांता येणार आहे. मी बोलावलंय. तुला जायचं तर घाटावर जा, संध्याकाळी ये."

घाटावर गेला नाही. झोपाळ्यावर डोळे मिटून पडला. झोपला नव्हता, पाय हलत होता.

ती आली. योहान नाही आला, तीच म्हणाली त्याला नको. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दादाचे केस पिकलेत, ते तिनं पहिल्यांदा बघितले. तिला चष्मा लागलाय, तो त्यानं.

मी सतरंजी घातली. मधे ताट. खिडकीतून ऊन तिरपं त्यावर पडलेलं, लोणी कडेला जरा विरघळत होतं, हिरवं त्यात तरंगत होतं. मला वाटलं हे सगळं मी आधी बघितलंय कुठंतरी.

शां. बसली. हे बसले. दादा झोपाळ्यावरून उतरला आणि... बसला. सतरंजीच्या टोकाला, पण बसला.

यांनी पहिला तुकडा फिरवला. मग शां.नं. मग मी.

दादा ताटाकडे बघत होता. "हे काय आहे?"

"लोणी. दिसत नाही?" मी.

"वरचं."

"पानओवा," शां. म्हणाली. "ताईनं तिच्या मनानं घातलाय. माझ्यापेक्षा चांगलं झालंय."

पहिलं वाक्य त्याच्याशी, इतक्या वर्षांनी, आणि ते पानओव्यावर.

"जबलपूरला बदली?" दादा.

"हो."

"थंडी असते तिथं."

"ऐकलंय."

ओवाळणीचं तबक अजून कोनाड्यात होतं, निरांजन विझलेलं. शां.नं त्याच्याकडे एकदा बघितलं. मी उठणार होते, दादाच्या चेहऱ्याकडे बघून उठले नाही.

त्यानं पाव मोडला. लोण्यातून फिरवला, तिच्याच रेघेवरून. तोंडापाशी नेला, थांबला, आणि तुकडा तसाच हातात धरून उठला. मागच्या दारानं बाहेर गेला. शां. उठली नाही. ओठ घट्ट मिटून बसून राहिली.

थोड्या वेळानं नळाचा आवाज. हात धुऊन आत आला, पंचाला पुसत. तुकडा नव्हता. मी मागं जाऊन बघितलं. दाराशी गल्लीतली गाय रवंथ करत उभी. पण ती कधी करत नसते?

विचारलं नाही. मी, आणि विचारलं नाही!

दादा पुन्हा सतरंजीवर येऊन बसला होता. त्याच जागी. शां. जाईपर्यंत.

कार्तिक शु. ३

दादा सकाळी गेला. मी दशम्या बांधून दिल्या. टांग्यात बसल्यावर म्हणाला, "तिची गाडी भोपाळवरूनच जाते ना?"

"जाते."

"थांबते?"

"स्टेशन आहे म्हणजे थांबणारच. पाणी भरायला."

"कधी निघतायत?"

"पंचमीला. सकाळची."

मान हलवली. टांगेवाल्याला म्हणाला, "चलो भाई."

शु. ५

पहाटेच घुसळलं. धुकं अंगणापर्यंत आलं होतं. रवी फिरत होती आणि मला भोपाळचं स्टेशन दिसत होतं. न बघितलेलं. लांबलचक, पांढरं, सगळे लोक पाठमोरे.

लोणी पितळी डब्यात नाही, काचेच्या बरणीत घातलं. वर ओलं फडकं. पाव शां.चा नको म्हटलं, मीच आणला, काल संध्याकाळी भट्टीतून निघालेला. बरणी मोठी घेतली.

स्टेशनवर योहान म्हणाला, "ताई, इतकं कोण खाणार? आम्ही दोघंच."

"भोपाळपर्यंत उघडू नका," मी म्हटलं.

शां. माझ्याकडे बघत राहिली. गाडी हलली तरी तिचा हात बरणीवर होता.

आत्ता दुपारचे... म्हणजे पोचत आले असतील.