छाप

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास दादाचे अनेक आशीर्वाद.

लाकडाची वखार टाकून शेठ झालास, म्हणून आईची खबर घ्यायची नाही असं थोडंच आहे? बेटावर डोंगराची हजामत चालू आहे. बाबांच्या वेळी एका झाडाला दोघं दिवसभर करवत ओढायचे. आता यंत्र चहा निवायच्या आत आडवं करतं. उरलाय तो आपल्या घरामागचा उतार, आणि त्यात बाबांचं झाड. तोडताना माणूस दगावला की त्याच्या शेजारचं झाड कायमचं सोडायचं, हा आपला जुना नेम, बाबा गेले तेव्हा पाळलेला, कंपनीच्या मुकादमाला सांगितला. तो म्हणाला, आजोबा, झाडावर नाव लिहिलंय का?

डोळे गेल्यापासून आई घरापासून झाडापर्यंत बांधलेली दोरी धरून रोज तिथं जाते, खोडावर हात फिरवते. तुझ्याकडे येत नाही ती त्यापायीच. तुझ्या शब्दाला वजन आहे. वाचव.

तुझा दादा

१२ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

आईला म्हणावं, निर्धास्त राहा. झाड उभंच विकत घेतलं. कंपनीचा साहेब विचारत होता, उभ्या झाडाचं करणार काय? म्हटलं, सावलीचा शौक आहे. माझा माणूस येऊन बुंध्यावर आपल्या वखारीचा छाप मारून जाईल. मग कुणाची हात लावायची छाती नाही.

तुमची दाढ काढून घ्या. दुखणं अंगावर काढू नका.

तुमचा धाकटा

२६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

झाड गेलं. मी दाढ काढायला पलीकडच्या बंदरात होतो. अरे, वखारीत छाप म्हणजे आपला माल. रानात छाप म्हणजे गिऱ्हाईक ठरलं, पाडा. तू रान सोडून जमाना झाला, पण तुझं पत्र वाचून हुरळलो तो मीही. शेठची मर्जी राखायची म्हणून मुकादमानं सुरुवातच त्याच्यापासून केली.

आईला सांगायचा धीर होईना. चिखल आहे, दोरी तुटलीय, अशा थापा मारल्या. ती काठी टेकत गेलीच. मी धावत पोचलो, तर उरलेल्या बुंध्यावर दोन्ही हात पसरून बसलेली. रडली नाही. एवढंच म्हणाली, किती रुंद झाले होते रे.

तेव्हापासून घराबाहेर पडलेली नाही.

दादा

५ मार्च

ती. दादास, सा. न.

ओंडका आला. लाकूड कापायची गिरणी बंद ठेवलीय. बाबांनी शिकवलं तसा कुऱ्हाडीचा दांडा ठोकून कान लावला. ठणठणीत वाजला, दादा. आतून कुठं पोकळ नाही, कीड नाही. पोकळ निघाला असता तर बरं वाटलं असतं. आईला काय तोंड दाखवू?

धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. कीड नव्हती हे दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, ते धाकट्याकडे पोचले, तर मी इथं कुणाजवळ राहू? गाठोडं तिनंच बांधलं. इतकी वर्षं आपण विनवलं तेव्हा हलली नाही.

गुरुवारच्या लाँचनं येतो. मी तिला सोडून परतेन. घर उघडं टाकवत नाही. उतरल्यावर आधी वखारीतच नेऊ. ओंडका भिंतीच्या सावलीला, बसल्या जागी तिचा हात पोचेल असा ठेव.

आणि तो छाप तेवढा तासून टाक. तिच्या बोटांना लागेल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा